गिअरबॉक्स उतरवण्याआधी वायरिंग तपासा

जुलैतली सकाळ होती. डोंबिवलीत रात्रभर पाऊस कोसळला होता. माझी २००९ सालची ऑटोमॅटिक हॅचबॅक नेहमीसारखी चालू झाली, पण गिअरची दांडी ‘पी’मधून (पार्किंगमधून) हलेना. ब्रेक दाबला, सोडला, पुन्हा दाबला, दांडीवर जोर लावला. काही नाही. गॅरेजवाल्याने फोनवरच निदान केलं: “साहेब, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. टोइंग करून पाठवा.” त्याने सांगितलेला खर्च गाडीच्या त्या वेळच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाएवढा होता. टोइंगवाल्याला फोन लावणार इतक्यात मागे उभे असलेले शेजारचे काका म्हणाले, “अहो, ब्रेक दाबताय ना? मग मागचे लाल दिवे का लागत नाहीत?”

ब्रेक लाइटचा फ्यूज उडाला होता. नवा टाकला, तोही उडाला. शेवटी दोष सापडला डिकीच्या दाराच्या बिजागरीपाशी. तिथल्या रबरी नळीतून वरच्या ब्रेक लाइटची वायर जाते. चौदा-पंधरा वर्षं डिकी उघडून-मिटून तिचं प्लास्टिक चिरलं होतं, आतलं तांबं पत्र्याला टेकत होतं आणि पावसाच्या पाण्याने उरलेलं काम केलं होतं. वीतभर वायर, दोन जोड आणि एक फ्यूज एवढ्यावर काम झालं. गिअरबॉक्सला काहीही झालं नव्हतं.

जुन्या गाडीत ब्रेक आणि गिअर एकाच वेळी विचित्र वागू लागले, की आपण लोखंडाकडे बघतो, पॅड, प्लेट, ऑइल. बघायला हवंच, पण तांब्याकडे, म्हणजे वायरींकडे, आधी. त्याला मल्टिमीटर आणि एक मोकळी दुपार लागते, एवढंच. ती दुपार कशी वापरायची ते क्रमाने सांगतो.

ब्रेकचा आणि गिअरचा संबंध

ब्रेकच्या पेडलच्या वर, डॅशबोर्डच्या खाली, अंगठ्याएवढा एक स्विच असतो. पूर्वी त्याला मागचे लाल दिवे लावण्याखेरीज काम नव्हतं. ऑटोमॅटिक गाड्या आल्या आणि या स्विचवर बाकीच्यांचाही जीव अवलंबून राहू लागला. दांडी ‘पी’मध्ये अडकवून ठेवणाऱ्या शिफ्ट लॉकचा सोलेनॉइड (विजेने हलणारी खिट्टी) याच संदेशाने दांडी मोकळी करतो. एएमटी गाडी (साध्या गिअरबॉक्सचे क्लच आणि गिअर आपोआप हलवणारी) ब्रेक दाबल्याशिवाय गिअर घेत नाही, अनेक गाड्या तर चालूच होत नाहीत. क्रूझ कंट्रोल ब्रेक दाबताच सुटतं, तेही याच्यामुळे.

एक काम मात्र फार कमी लोकांना माहीत असतं. टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिनचा जोर तेलामार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाच्या) ऑटोमॅटिक गाडीत ठरावीक वेगानंतर आतला लॉक-अप क्लच बसतो आणि इंजिन-गिअरबॉक्स जणू थेट जोडले जातात. ब्रेक दाबल्याचा संदेश आला की कंट्रोल युनिट, म्हणजे गाडीतला छोटा संगणक, तो क्लच सोडून देतं. आता समजा, पेडलवरचा स्विच झिजलाय आणि हायवेला खड्ड्याच्या धक्क्यानेसुद्धा त्याचा कॉन्टॅक्ट लागतोय-सुटतोय. क्लच बसतो, सुटतो, बसतो, सुटतो. गाडीला हलके हिसके बसतात, आरपीएमचा काटा दोन-तीनशेने वरखाली नाचतो. मालक म्हणतो, “कन्व्हर्टर गेला.” गेलेला असतो तो स्विच.

एबीएसचंही, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचंही, तसंच. चाकांचे सेन्सर एबीएससाठी असतात, पण कित्येक गाड्यांत स्पीडोमीटर आणि गिअरबॉक्सचं युनिट वेगाची माहिती त्यांच्याकडूनच घेतं. त्यामुळे एका चाकाची वायर तुटली, की एबीएसचा दिवा लागतो, काटा शून्यावर पडतो आणि गिअरही बेताल होतात. तीन तक्रारी दिसल्या तरी दोष एकच असू शकतो. जुन्या गाडीचं निदान करताना हे सतत मनात ठेवा.

आधी सुरक्षितता

ब्रेकचं पेडल मऊ लागत असेल, दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल, ऑइलची पातळी घसरली असेल किंवा चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसत असेल, तर हा दोष वायरिंगचा नाही. तो हायड्रॉलिक्सचा आहे. गाडी चालवू नका, मेकॅनिकला घरी बोलवा. लाल ब्रेकचा दिवा लागला तर पहिलं काम बोनेट उघडून ब्रेक ऑइलची पातळी बघणं. हँडब्रेकचा स्विच आणि सेन्सर त्यानंतर.

एबीएसचा पिवळा दिवा एकटा लागला असेल, तर साधे ब्रेक चालू असतात. फक्त चाक लॉक होण्यापासूनचं संरक्षण गेलेलं असतं. पिवळा आणि लाल दोन्ही एकत्र लागले, तर पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी यंत्रणाही बंद पडलेली असू शकते. अशा वेळी ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला, तर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरण्याचा धोका असतो. हळू चालवा, शक्यतो चालवूच नका.

टाटा इंडिका, सुमो यांच्यासारख्या जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीवरच बसवलेला असतो. पट्टा तुटला, की बॅटरीचा दिवा लागतो आणि पाठोपाठ ब्रेकचं पेडल दगडासारखं घट्ट होतं. हे दोन एकत्र दिसले, तर वायरिंग शोधत बसू नका. गाडी बाजूला घेऊन पट्टा बघा.

काम करताना गाडी सपाट जागी उभी करा. चाकांना लाकडाचे ठोकळे लावा, कारण गिअर आणि ब्रेक दोन्हींवर काम करताना गाडी घरंगळू शकते. कुठलाही कपलर (वायरी जोडणारा प्लग) सोडवण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. एएमटी गाडीत बॅटरी काढल्यावर क्लचचं लर्निंग (क्लच कुठे पकडतो ते युनिटला शिकवणं) पुन्हा करावं लागू शकतं, ते आधी मॅन्युअलमध्ये बघून ठेवा. आणि पिवळ्या रंगाच्या कपलरला किंवा पिवळ्या आवरणाच्या हार्नेसला (वायरींच्या जुडीला) हात लावू नका. ती एअरबॅगची लाइन असते.

हत्यारं

साधा डिजिटल मल्टिमीटर. शक्य असेल तर ओबीडी स्कॅनर, म्हणजे युनिटांनी नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारं यंत्र. डोक्याला लावायचा टॉर्च, सॅंडपेपर, कॉन्टॅक्ट क्लिनरचा स्प्रे. आणि एक घरगुती हत्यार, जे मला सगळ्यात उपयोगी पडलंय: ब्रेक लाइटचा २१ वॅटचा जुना बल्ब, त्याला दोन लांब वायरी आणि टोकांना चिमटे.

या बल्बचं महत्त्व समजून घ्या. वायरीत पंधरा-वीस बारीक तारा असतात. त्यातल्या एक-दोन सोडून बाकी सगळ्या तुटल्या, तरी मल्टिमीटरचा बझर “पीं” करतो आणि ओहमचा आकडाही जवळजवळ शून्य येतो. मीटर तपासताना इवलासा करंट पाठवतो, तो त्या एका तारेतूनही आरामात जातो. पण २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर ओढतो. तो लावला, की तुटकी वायर लगेच उघडी पडते, बल्ब मिणमिणतो. म्हणून माझा नियम: बझरने पास झालेली वायर मी पास धरत नाही. लोड देऊन तपासतो.

फक्त हा बल्ब दिव्यांच्या आणि फ्यूजच्या लाइनवरच लावा. कंट्रोल युनिटकडून सेन्सरकडे किंवा सोलेनॉइडकडे जाणाऱ्या वायरीवर लावलात, तर युनिटच्या आतलं सर्किट जळू शकतं.

पहिली पायरी: वहीत लिहा

हसू नका, ही पायरी सगळ्यात जास्त वेळ वाचवते. दोष कधी येतो ते लिहा. पावसातच का? गाडी धुतल्यावर का? हेडलाइट आणि एसी एकत्र लावल्यावर का? गाडी तापल्यावर का? स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर का? पावसात येणारा दोष पाण्याकडे बोट दाखवतो, हेडलाइट लावल्यावर येणारा अर्थकडे (करंट बॅटरीच्या निगेटिव्हला परत नेणाऱ्या जोडणीकडे) किंवा चार्जिंगकडे, स्टिअरिंग वळवल्यावर येणारा चाकाजवळच्या वायरीकडे. दोष सुरू होण्याच्या आसपास गाडीत काय काय बसवलं तेही लिहा. म्युझिक सिस्टिम, रिव्हर्स कॅमेरा, फॉग लॅम्प, सीएनजी किट, सेंट्रल लॉक. बाहेरून बसवलेल्या वस्तूसाठी कुठेतरी मूळ वायर सोलून पीळ मारलेला असतो आणि वर काळी टेप. रिव्हर्स कॅमेऱ्याची वायर बहुतेक वेळा रिव्हर्स लाइटमधून घेतात आणि रिव्हर्स लाइट गिअरबॉक्सवरच्याच स्विचने लागतो. माझा पहिला संशय नेहमी अशा जोडांवर असतो.

दुसरी पायरी: बॅटरी आणि चार्जिंग

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट यायला हवेत. १२.२च्या खाली असेल, तर पुढे जाण्याआधी बॅटरी चार्ज करून घ्या, नाहीतर पुढचं प्रत्येक मोजमाप दिशाभूल करेल. स्टार्टर फिरताना आकडा साडेनऊच्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५च्या आसपास असावा. कंट्रोल युनिटांना व्होल्टेज कमी मिळालं, की ती एकेक करून तक्रार करू लागतात. आधी एबीएस, मग स्टिअरिंग, मग गिअर. डॅशबोर्डवर दिव्यांची दिवाळी दिसली, की बऱ्याचदा मूळ इथेच असतं.

आता मीटर एसी व्होल्टवर ठेवा. इंजिन चालू, हेडलाइट चालू, बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं, तर अल्टरनेटरमधला डायोड गेल्याची शक्यता आहे. त्याची लहर सेन्सरच्या नाजूक संदेशांत मिसळते आणि युनिट गोंधळतं. काही स्वस्त मीटर मात्र एसीवर ठेवल्यावर डीसीलाही भलताच आकडा दाखवतात. इंजिन बंद असताना याच रेंजवर एकदा मोजून बघा. वीस-पंचवीस व्होल्ट दिसले, तर तो मीटर या कामाचा नाही.

तिसरी पायरी: अर्थ

एकच पायरी नीट करणार असाल, तर ही करा. बॅटरीच्या निगेटिव्हकडून एक केबल बॉडीला आणि एक इंजिनला किंवा गिअरबॉक्सला जाते. इंजिन आणि बॉडी यांच्यात बहुतेक गाड्यांत एक विणलेली चपटी पट्टी असते. या सगळ्या जागा चाकांच्या चिखलाच्या, बॅटरीच्या ॲसिडच्या आणि कोकणात असाल तर खाऱ्या हवेच्या टप्प्यात असतात. बोल्ट बाहेरून बरा दिसतो, खाली हिरवट पूड साचलेली असते.

मोजायचं असं. मीटर डीसी व्होल्टवर. काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, म्हणजे क्लॅम्पवर नाही, प्रत्यक्ष शिशाच्या खांबावर. लाल प्रोब इंजिनच्या उघड्या धातूवर. कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर इंजिनचा अर्थ खराब. मग लाल प्रोब गिअरबॉक्सच्या कवचावर ठेवून तेच करा. नंतर इंजिन चालू ठेवून हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर सगळं लावा आणि लाल प्रोब बॉडीच्या धातूवर ठेवा. इथे ०.१ व्होल्टपेक्षा जास्त येऊ नये. एबीएस आणि गिअरच्या युनिटांच्या अर्थलाही हीच मर्यादा धरा.

०.४ व्होल्ट म्हणजे फार काय, असं वाटेल. पण बऱ्याच सेन्सरचा संदेश शून्य ते पाच व्होल्टच्या आत असतो. त्यात ०.४ची भर पडली, तर युनिटला गिअरची जागा किंवा थ्रॉटलचा कोन वेगळाच वाटतो. इंजिनचा अर्थ पूर्णच तुटला, तर स्टार्टरचा करंट परतीची दुसरी वाट शोधतो. गिअरची किंवा ॲक्सिलरेटरची पोलादी केबल ही त्याची आवडती वाट. स्टार्टर मारल्यावर गिअरची केबल गरम लागली किंवा तिचं कोटिंग वितळलेलं दिसलं, तर केबल बदलून उपयोग नाही, नवीही तशीच जळेल. आधी अर्थ.

दुरुस्ती सोपी आहे. बोल्ट काढा, खालचा पत्रा आणि केबलचा डोळा चकचकीत होईपर्यंत घासा, दातेरी वॉशर टाकून घट्ट आवळा आणि आवळल्यानंतर वरून पेट्रोलियम जेली लावा. जेली आधी नाही, नंतर. इंजिन ते बॉडी एक जादा केबल टाकलीत, तर जुन्या गाडीला ते चांगलंच.

चौथी पायरी: ब्रेक स्विच आणि मागचे दिवे

टॉर्च घेऊन पेडलच्या खाली वाकायच्या आधी ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट बघा. तिथे पिवळट किंवा काळ्या प्लास्टिकचे बारीक तुकडे सापडले, तर निम्मं निदान झालं. पेडलच्या दांड्याला, जिथे स्विचची काडी टेकते तिथे, एक छोटं प्लास्टिकचं किंवा रबराचं बटण असतं. वयाने ते ठिसूळ होऊन फुटतं. मग स्विचची काडी त्या भोकातून पलीकडे जाते आणि गाडीला वाटतं, ब्रेक सतत दाबलेला आहे. मागचे दिवे रात्रभर जळतात, बॅटरी उतरते, ब्रेक न दाबताही दांडी ‘पी’मधून सुटते, क्रूझ लागत नाही, आणि लॉक-अप न बसल्यामुळे हायवेला आरपीएम चढा राहतो, पेट्रोल जास्त जातं. बटण बाजारात अगदी किरकोळ किमतीत मिळतं.

बटण ठीक असेल, तर स्विच तपासा. बऱ्याच गाड्यांत याच्यात दोन कॉन्टॅक्ट असतात. एक ब्रेक दाबल्यावर जुळतो, दुसरा दाबल्यावर सुटतो. युनिट दोघांची तुलना करतं. दोघांचं जमेना, की स्कॅनरवर पी०५०४ हा कोड येतो. नुसत्या एका सर्किटचा दोष पी०५७१ म्हणून दिसतो. कपलर काढून दोन्ही कॉन्टॅक्ट मीटरवर बघा, पेडल हळूहळू दाबत आणि सोडत. मधेच आकडा नाचला, तर स्विच बदला. दुरुस्त करू नका.

मग मागे जा. ब्रेक दाबलेला ठेवायला माणूस नसेल, तर पेडल आणि सीट यांच्यात लाकडी पट्टी अडकवा. बल्बच्या होल्डरपाशी, बल्ब लागलेला असतानाच, व्होल्टेज मोजा आणि बॅटरीच्या व्होल्टेजशी ताडून बघा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल, तर कुठेतरी व्होल्टेजची गळती आहे. ती येण्याच्या बाजूला की अर्थच्या बाजूला, हे कळण्यासाठी होल्डरची अर्थ वायर आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यातलं व्होल्टेज मोजा. इथे मोठा आकडा आला, तर अर्थ दोषी.

मागच्या दिव्याचा अर्थ गेला, की मजेशीर खुणा दिसतात. ब्रेक दाबला की डॅशबोर्डचे दिवे मंद पेटतात, इंडिकेटरबरोबर पार्किंग लाइट फडफडतो. २१/५ वॅटच्या बल्बात दोन फिलामेंट असतात. अर्थ नसला, की ब्रेकचा करंट दुसऱ्या फिलामेंटमधून उलटा पार्किंग लाइनमध्ये शिरतो. एक फिलामेंट तुटून दुसऱ्याला चिकटलं, तरीही असंच होतं. म्हणून आधी बल्ब काढून उजेडात नीट बघा. एलईडी बल्ब बसवलेले असतील, तर तपासणीपुरते जुने साधे बल्ब लावा. एलईडी फार कमी करंट ओढतो, त्यामुळे काही गाड्या बल्ब गेल्याचं समजतात.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल, तर मोठ्या अँपिअरचा टाकू नका. वर्ख गुंडाळून तर अजिबात नाही. त्याने फ्यूज वाचतो आणि हार्नेस जळतो. त्याऐवजी ब्रेकचे सगळे बल्ब काढा, फ्यूजच्या जागी आपला २१ वॅटचा बल्ब चिमट्यांनी जोडा आणि ब्रेक दाबलेला ठेवा. कुठे शॉर्ट असेल, तर हा बल्ब पूर्ण पेटेल. आता हार्नेस एका टोकापासून हलवत चला. डिकीची रबरी नळी, मागच्या सीटखाली, दाराच्या उंबरठ्याच्या पट्टीखाली. ज्या जागी हात लागताच बल्ब विझतो, तिथे शॉर्ट आहे. माझ्या डिकीतला दोष असाच सापडला. पेटलेला बल्ब गरम होतो, तो सीटच्या कापडावर टेकवू नका.

पाचवी पायरी: एबीएसचे सेन्सर

भारतात एप्रिल २०१९पासून नव्या गाड्यांना एबीएस बंधनकारक झालं, पण त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांतही ते आहे आणि त्यांच्या वायरी आता म्हाताऱ्या झाल्यात. इथली वायर बहुतेक वेळा एकाच जागी तुटते. चाकाच्या नकलपाशी (चाक ज्यावर बसतं त्या वळणाऱ्या भागापाशी), जिथे ती स्टिअरिंगबरोबर वळते आणि सस्पेन्शनबरोबर वरखाली होते. बाहेरचं रबर शाबूत दिसतं, आतलं तांबं तुटलेलं असतं.

तपासण्याआधी सेन्सर कोणत्या जातीचा आहे ते मॅन्युअलमधून बघा. जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये चुंबक आणि कॉइल असते. त्याचा रेझिस्टन्स साधारण एक हजार ओहमच्या आसपास येतो आणि चाक हाताने फिरवल्यावर एसी व्होल्ट दिसतात. नव्या पद्धतीचा सेन्सर ॲक्टिव्ह असतो. त्याला युनिटकडून व्होल्टेज मिळतं आणि त्याच्या आत इलेक्ट्रॉनिक्स असतं. त्याला ओहममीटर लावू नका. त्याच्यासाठी स्कॅनरवर चारही चाकांचा वेग एकत्र लावा आणि मोकळ्या रस्त्यावर हळू जाताना सोबत्याला बघायला सांगा. तीन चाकं १५ दाखवतात आणि चौथं मधेच शून्यावर जातं, तर सापडलं. पुढच्या डाव्या चाकासाठी बहुधा सी००३५ हा कोड येतो.

गाडी थांबता थांबता, ताशी पाच-दहा किलोमीटरला, पेडल पायाखाली थरथरत असेल आणि रस्ता कोरडा असेल, तर एबीएस उगाचच जागं होतंय. सेन्सरचा संदेश कमी वेगाला क्षीण होतोय. कारण वायरही असू शकते, पण सेन्सरसमोरची दातेरी रिंग गंजून तडकली आहे का, तेही बघा.

सहावी पायरी: गिअरबॉक्सची वायरिंग

गिअरबॉक्सच्या कवचावर इनहिबिटर स्विच असतो. दांडी कुठे आहे ते तो युनिटला सांगतो. गाडी ‘एन’मध्ये सुरू होते पण ‘पी’मध्ये नाही, रिव्हर्स टाकल्यावर मागचा पांढरा दिवा लागत नाही, डॅशबोर्डवर ‘डी’ऐवजी काहीच दिसत नाही, या त्याच्या खुणा. कोड पी०७०५. नुसता पी०७०० आला, तर त्याचा अर्थ एवढाच की गिअरच्या युनिटकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे. इंजिनपुरताच बोलणारा स्वस्त स्कॅनर इथे थांबतो आणि लोक या एका कोडवर गिअरबॉक्स उघडतात. गिअरच्या युनिटपर्यंत पोहोचणारा स्कॅनर लावून आतला खरा कोड वाचा.

मग गिअरबॉक्समध्ये जाणारा मोठा कपलर. बॅटरी काढा, कपलर सोडवा, पिनांकडे बघा. हिरवट पूड, वाकडी पिन आणि तेल. तेलाची गोष्ट नीट सांगायला हवी. गिअरबॉक्सच्या आत वायरी तेलातच असतात. सील ढिलं झालं, की तेल वायरीच्या तारांमधून वातीत चढावं तसं वर चढतं. मर्सिडीझचा १९९६च्या सुमारास आलेला ७२२.६ हा पाच गिअरांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स याचं प्रसिद्ध उदाहरण आहे. त्याच्या तेरा पिनांच्या कपलरच्या बुशचे ओ-रिंग (सीलच्या रबरी कड्या) कडक होतात आणि तेल हार्नेसमधून चढत थेट इलेक्ट्रॉनिक युनिटपर्यंत जातं. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये अडकते. सेकंडहँड बाजारात अशा गाड्या स्वस्त मिळतात आणि घेणाऱ्याला गिअरबॉक्स गेलाय असं सांगितलं जातं. आधी युनिटच्या कपलरमध्ये कापूस लावलेली काडी फिरवा. काडीला तेल लागलं, तर प्लग आणि त्याचे ओ-रिंग बदला, पिना क्लिनरने धुवा, गळती झालेलं तेल पातळीपर्यंत भरा, मग पुढचं ठरवा.

मर्सिडीझचाच विषय निघालाय तर आणखी एक. १९९२ ते १९९६च्या दरम्यानच्या त्यांच्या बऱ्याच गाड्यांत इंजिनच्या वायरिंगवरचं प्लास्टिक उष्णतेने भुगा होऊन गळून पडतं. पुण्यात १९९५पासून बांधल्या गेलेल्या पहिल्या डब्ल्यू१२४ मॉडेलच्या मर्सिडीझ गाड्या याच काळातल्या. अशी गाडी जपली असेल, तर वायर हलक्या हाताने वाकवून बघा. तडकली, तर तुकडे जोडत बसू नका, अख्खा हार्नेस बदला.

सोलेनॉइडचा रेझिस्टन्स गिअरबॉक्सच्या बाहेरच्या कपलरवरूनच मोजता येतो. नुसते चालू-बंद होणारे सोलेनॉइड बहुधा दहा ते तीस ओहमच्या पट्ट्यात, दाब नियंत्रित करणारे त्याहून बरेच कमी. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या. मोजमाप एकदा गाडी थंड असताना घ्या, एकदा गरम असताना. तापल्यावर तुटणारी कॉइल थंडीत पास होते. कपलरवरून आकडा बरोबर येतो आणि युनिटच्या टोकाकडून चुकीचा, तर दोष मधल्या वायरीत. गिअरबॉक्स निर्दोष.

एएमटीबद्दल थोडं. मारुती सेलेरिओमधून फेब्रुवारी २०१४मध्ये भारतात एएमटी आली. त्या पहिल्या गाड्या आता दहा वर्षांच्या पुढे गेल्यात. यात गिअरबॉक्स साधाच असतो, फक्त क्लच आणि गिअर हलवायला इलेक्ट्रिक मोटरवर चालणारा पंप असतो. बॅटरी अशक्त, पंपाच्या रिलेचे कॉन्टॅक्ट जळालेले किंवा अर्थ ढिला, तर दाब बनत नाही, गाडी सिग्नलला ‘एन’मध्ये पडते. पंपाची घूं अशी घरघर नेहमीपेक्षा लांबली किंवा मंद झाली, तर क्लच प्लेटआधी पंपाच्या कपलरवरचं व्होल्टेज मोजा, पंप चालू असतानाच.

सातवी पायरी: युनिटांचं आपसातलं बोलणं

यू अक्षराने सुरू होणारे कोड आले, तर युनिटं एकमेकांशी बोलत नाहीयेत. यू०१०० इंजिनच्या युनिटशी संपर्क तुटल्याचा, यू०१०१ गिअरच्या, यू०१२१ एबीएसच्या. बॅटरी काढून दहा मिनिटं थांबा. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या ओबीडी कपलरवर सहा आणि चौदा क्रमांकाच्या पिनांमध्ये ओहम मोजा. लाइनच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर समांतर असतात, म्हणून बहुतेक गाड्यांत ६० यायला हवेत. १२० आले, तर एका बाजूची लाइन तुटली आहे. शून्याजवळ आले, तर दोन वायरी कुठेतरी एकमेकींना चिकटल्यात. उंदरांनी कुरतडलेल्या हार्नेसमध्ये हे हमखास दिसतं. पावसाळ्यात उंदीर गरम इंजिनच्या उबेला येतात, एअर फिल्टरचा डबा आणि फायरवॉलमागची (इंजिन आणि केबिन यांच्यातल्या पत्र्यामागची) जागा नीट बघा. लेंड्या दिसल्या, तर तुटकी वायर जवळच आहे.

पाणी शिरण्याची दुसरी वाट पुढच्या काचेखाली. वायपरच्या जाळीत गुलमोहराची पानं साचतात, निचऱ्याचं भोक बुजतं आणि पाणी केबिनमध्ये फ्यूज बॉक्सवर उतरतं. पायाखालचं कार्पेट उचलून खालचा स्पंज दाबा. ओला असेल, तर कोड पुसण्याआधी ते भोक साफ करा. आणि वॉशिंग सेंटरला इंजिनवर प्रेशरचं पाणी मारू देऊ नका. रबरी सील कितीही चांगलं असलं, तरी ते त्या दाबासाठी बनवलेलं नसतं.

जोड कसा करायचा

पीळ मारून काळी टेप गुंडाळणं म्हणजे दुरुस्ती नाही. उन्हाळ्यात बोनेटखाली टेपचा गोंद वितळतो, टेप सरकते आणि पहिल्या पावसात दोष परत येतो. चांगल्या क्रिंपरने दाबलेला जोड आणि त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी, हे सगळ्यात टिकतं. डिकीच्या बिजागरीसारख्या सतत वाकणाऱ्या जागी सोल्डर टाळा. सोल्डरने तारा कडक होतात आणि जोडाच्या कडेला पुन्हा तुटतात. तिथे मऊ, बारीक तारांची नवी वायर टाका आणि जोड वाकणाऱ्या भागाच्या बाहेर घ्या. जोड शेजारी-शेजारी नकोत, दोन-तीन सेंटीमीटर मागे-पुढे करा. एबीएसच्या आणि नेटवर्कच्या दोन वायरी एकमेकींना पीळ घातलेल्या असतात, बाहेरचा गोंधळ आत शिरू नये म्हणून. दुरुस्त केल्यावर तो पीळ तसाच ठेवा. जाडी मूळ वायरीएवढीच, रंगही शक्यतो तोच. वायर कधीही पिनने टोचून तपासू नका, त्या भोकातून पाणी शिरतं. कपलरच्या मागच्या बाजूने बारीक प्रोब आत सरकवा.

काम झालं की कोड पुसा. गाडी थंड असताना सुरू करा, ब्रेक दाबून दांडी प्रत्येक जागी नेऊन आणा, मागचे तिन्ही लाल दिवे आणि पांढरा दिवा कोणाला तरी बघायला सांगा. मोकळ्या रस्त्यावर वीस-पंचवीस किलोमीटर चालवा. हेडलाइट, एसी, ब्लोअर सगळं लावून. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा, दोन-चार वेळा बेताने ब्रेक मारा, हायवेच्या वेगाला आरपीएमचा काटा स्थिर राहतो का ते बघा. परत येऊन स्कॅनर लावा, कोड नसेल तर पुन्हा एकदा पाऊस पडल्यावर लावा. मी फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरी पट्टी चिकटवून कुठला जोड कधी केला ते लिहून ठेवलंय. डिकीच्या वायरीची ओळ तिथे पहिली आहे.